फळी खाली जाते तेव्हा

स्प्रिंगबोर्डवर नवशिक्याची एक चूक ठरलेली असते : घाई. मोजून पावलं टाकत तो टोकाकडे येतो, एका पायावर उसळतो आणि दोन्ही पायांनी टोकावर उतरतो. फळी खाली वाकते. आपण बुडालो असं वाटून तो तेवढ्यातच अंग झोकून देतो आणि पाण्यावर आपटतो. मुरलेला खेळाडू फळीबरोबर खाली जातो, ती पुरती वाकेपर्यंत पाय रोवून थांबतो. मग वर येणारी फळीच त्याला हवेत भिरकावते.

१९८४ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात मार्क लेन्झी नावाचा सोळा वर्षांचा मुलगा टीव्हीसमोर बसला होता. लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ग्रेग लुगॅनिस सूर मारत होता. मार्क कुस्ती खेळायचा. पण लुगॅनिसला पाहिलं आणि त्याला सूर मारण्याचं वेडच लागलं. कुस्ती सोडायची म्हटल्यावर वडील संतापले. वाद इतका पेटला की मार्क घर सोडून गेला. अखेर वडील नमले.

इंडियाना विद्यापीठात हॉबी बिलिंग्जली यांच्यासारखा गुरू त्याला लाभला. १९८९ आणि १९९० मध्ये एक मीटर फळीवर तो अमेरिकेतल्या विद्यापीठांचा विजेता ठरला. १९९१ मध्ये एकाच सुराला शंभराहून जास्त गुण मिळवणारा तो जगातला पहिला खेळाडू झाला आणि १९९२ मध्ये बार्सिलोनाला तीन मीटर फळीवर त्याने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. टीव्हीसमोरच्या त्या दिवसाला जेमतेम आठ वर्षं झाली होती.

मग फळी खाली गेली. ज्याच्यासाठी रोज पहाटे उठायचं, ते हाती आलं होतं. उद्या कशासाठी उठायचं, हे कळेना. त्याने खेळ सोडला. वजन वाढलं, मन खचलं. जगज्जेत्याच्या घरातला हा अंधार बाहेरच्यांना कुठून दिसणार?

पण तो पुन्हा तलावावर आला. जड झालेलं शरीर घेऊन पहिल्या पायरीपासून सराव केला आणि १९९६ मध्ये अटलांटाला त्याच तीन मीटर फळीवर कांस्यपदक मिळवलं. पुढे तो विद्यापीठातल्या मुलांचा प्रशिक्षक झाला. २०१२ मध्ये, अवघ्या त्रेचाळीसाव्या वर्षी, तो गेला.

मला त्याचं कांस्य सुवर्णाहून मोलाचं वाटतं. सुवर्णाकडे निघाला तेव्हा उमेद सोबत होती. कांस्याकडे निघताना ती आधी शोधून आणावी लागली.

आपली मुलं नापास होतात, हरतात, कधी जिंकूनही रिकामी होतात. त्या वेळी त्यांना ओढू नये, ढकलूही नये. त्यांचे पाय फळीवर टिकतील एवढा आधार द्यावा.

तात्पर्य : फळीचं वाकणं हा उडीचाच भाग आहे. जो तेवढा वेळ पाय रोवून थांबतो, त्यालाच ती वर उचलते.