विधीचा अर्थ सांगण्याचा अधिकार

पूर्वजाच्या नावाच्या लाकडी पाटीपुढे उदबत्ती लावून डोके टेकणे ही पूजा, की नुसता आदर? सतराव्या शतकात चीनमधल्या कॅथलिक धर्मप्रसारकांपुढे हा प्रश्न उभा राहिला आणि शंभरावर वर्षे चिघळत गेला. इतिहासात तो चिनी विधींचा वाद म्हणून ओळखला जातो. वरवर पाहता तो धर्मशास्त्राचा वाद होता. प्रत्यक्षात तो अडला, तो विधीचा अर्थ ठरवायचा कोणी या मुद्द्यावर, आणि तिथेच पोर्तुगाल आणि चीन यांचे संबंधही त्यात गुंतले.

पंधराव्या शतकापासून पोपांनी पोर्तुगीज राजाला पाद्रोआदो नावाचा हक्क बहाल केला होता. पूर्वेकडच्या चर्चचा खर्च राजाने सोसायचा आणि मोबदल्यात बिशपांची नावे त्याने सुचवायची, असा हा व्यवहार. मकावमध्ये पोर्तुगीज १५५७च्या सुमारास स्थिरावले, पण चिनी अधिकाऱ्यांच्या मर्जीने आणि भाडे भरून. १५७६ मध्ये तिथे स्थापन झालेला बिशपप्रांत गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकाराखाली होता. चीनकडे निघालेल्या धर्मप्रसारकाने लिस्बन, गोवा, मकाव याच वाटेने जावे, असा पोर्तुगालचा आग्रह असे.

मातेओ रिची हा जेझुइट संघाचा इटालियन धर्मप्रसारक याच वाटेने गेला. १५७८ मध्ये तो गोव्यात उतरला. पुढच्याच वर्षी तिथे आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी नंतर मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. रिचीने चीनमध्ये आधी बौद्ध भिक्षूचा आणि मग कन्फ्यूशियसपंथी पंडिताचा वेश घेतला, आणि १६०१ मध्ये त्याने बीजिंग गाठले. विद्वानांत वावरल्यावर त्याचे मत बनले, की कन्फ्यूशियसला गुरू म्हणून वंदन केले जाते, पूर्वजांकडे काही मागितले जात नाही, तेव्हा हे विधी नागरी आहेत आणि ख्रिस्ती माणसाने ते पाळायला हरकत नाही.

मनिलाहून आलेल्या डॉमिनिकन संघाच्या स्पॅनिश धर्मप्रसारकांना फूजियान प्रांतात वेगळेच दिसले. तिथली साधी माणसे पूर्वजांपुढे अन्न ठेवून आशीर्वाद मागत होती. दोन्ही बाजूंनी पाहिले ते खरेच होते. पितृपक्षात कावळा शिवल्याशिवाय न जेवणारी आजी आणि रीत म्हणून हात जोडणारा नातू एकाच घरात असतात. त्यांतल्या कोणाचा अर्थ खरा, हे विधीकडे पाहून सांगता येत नाही. रोमलाही ते सांगता आले नाही. १६४५ मध्ये तिथून बंदी आली, १६५६ मध्ये जेझुइटांची बाजू ऐकून मुभा मिळाली, आणि १६६९ मध्ये दोन्ही आदेश आपापल्या परिस्थितीत लागू आहेत असा निर्वाळा देण्यात आला.

पेच घट्ट झाला तो दोन राजसत्ता मध्ये आल्यावर. चीनच्या कांगशी सम्राटाने जेझुइटांची गणिते आणि पंचांगे वापरली होती. रशियाशी झालेल्या १६८९च्या नेरचिन्स्क तहाच्या बोलण्यांत त्याच्या बाजूने तोमास परेरा हा पोर्तुगीज जेझुइट बसला होता. १६९२ मध्ये कांगशीने ख्रिस्ती धर्माला मुभा दिली. पुढच्याच वर्षी शार्ल मेग्रो या फ्रेंच धर्माधिकाऱ्याने फूजियानमध्ये विधींना मनाई केली आणि सम्राटानेच दिलेल्या ‘आकाशाचा आदर करा’ या अक्षरांच्या पाट्या चर्चमधून उतरवायला लावल्या. जेझुइटांनी सम्राटाकडेच अर्थ विचारला. १७०० मध्ये त्याने उत्तर दिले, की हे विधी आदराचे आहेत.

१७०४ मध्ये पोप अकराव्या क्लेमेंटने तरीही बंदीच उचलून धरली. त्याचा दूत तूर्नों चीनला आला, तेव्हा त्याने तज्ज्ञ म्हणून पुढे केलेल्या मेग्रोला सम्राटाने सिंहासनामागे लिहिलेली चार अक्षरे वाचायला सांगितली. त्याला ती सगळी वाचता आली नाहीत. ज्याला आमची अक्षरे येत नाहीत त्याने आमच्या चालीरीतींचा निवाडा करू नये, असे सम्राटाचे म्हणणे होते, आणि ते खोडणे सोपे नव्हते. मात्र श्रद्धेचा अर्थ राजाने ठरवू नये हे रोमचे म्हणणेही तितकेच वजनदार होते.

सम्राटाने तूर्नोंला मकावला हाकलले. तिथे पोर्तुगीजांनी त्याला नजरकैदेत ठेवले. पाद्रोआदो डावलून आलेला दूत त्यांना मान्यच नव्हता. १७१० मध्ये तो त्याच अवस्थेत वारला. पोपच्या प्रतिनिधीला कॅथलिक राजाच्या माणसांनी बिगरख्रिस्ती सम्राटाच्या सोयीने डांबावे, यावरून पोर्तुगालला कशाची चिंता होती ते कळते. याच राजाच्या गोव्यात १७३६ मध्ये इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाने ख्रिस्त्यांना दारी तुळस लावायलाही मनाई केली. मकावमध्ये पोर्तुगीज भाडेकरू होते आणि गोव्यात मालक. विधींविषयीची सहनशीलता त्या फरकाप्रमाणे बदलत गेली असे दिसते.

१७१५ मध्ये पोपने बंदी पुन्हा बजावली, १७२१ मध्ये कांगशीने धर्मप्रसार थांबवण्याची इच्छा लिहून ठेवली, १७२४ मध्ये त्याच्या मुलाने तो बंद केला आणि १७४२ मध्ये रोमने वादालाही पूर्णविराम दिला. बंदी उठली ती थेट डिसेंबर १९३९ मध्ये. कारण असे दिले, की कन्फ्यूशियसचा सन्मान धार्मिक नाही असे चीनच्या सरकारनेच वारंवार जाहीर केले आहे. १७०४ मध्ये सम्राटाचा जो शब्द अपुरा ठरला होता, जवळपास तोच आता पुरेसा मानला गेला.

पोर्तुगाल आणि चीन यांच्यात १९७९ मध्ये राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले, १९८७ मध्ये मकावविषयी संयुक्त जाहीरनामा झाला आणि २० डिसेंबर १९९९ रोजी सत्तांतर झाले. मकावचा पहिला चिनी बिशप त्याआधीच, १९८८ मध्ये आला होता. चीनच्या मुख्य भूमीवर मात्र बिशप नेमण्याचा प्रश्न उरला. २०१८ मध्ये व्हॅटिकन आणि बीजिंग यांनी त्यावर तात्पुरता करार केला. त्याचा मजकूर जाहीर नाही. नेमणुकीत चिनी सरकारला वाटा आहे आणि अखेरचा शब्द पोपचा, असे व्हॅटिकन सांगते. पूर्वी पोर्तुगालच्या राजाने वापरलेल्या हक्काशी त्याचे साम्य आहे, मात्र चर्चचा खर्च सोसणारा कॅथलिक राजा आता या व्यवहारात नाही. २०२४ मध्ये हा करार आणखी चार वर्षांसाठी वाढवण्यात आला.