शोकानंतरचे जगणे

एखाद्या घरी अकाली मृत्यू घडतो. आपण सांत्वनाला जातो आणि सहज बोलून जातो, 'देवाची इच्छा!' ह्या शब्दांनी शोकाकुल मातेला धीर येतो की देवच वैरी वाटू लागतो, ह्याचा आपण विचार करावयास हवा.

बेथानी गावी प्रभू येशूने मार्थेला पुनरुत्थानाची आशा दिली. परंतु मरियेचे अश्रू पाहून तो स्वतःही रडला. लाजरसाला आपण उठवणार, हे ठाऊक असूनही रडला. श्रद्धा अश्रूंना मज्जाव करीत नाही.

मग जिवलगामागे जगण्याला अर्थ कोठून यावा? १९१९ साली रेव्हरंड टिळक निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. तेथे श्रद्धेचा आधार होता. डॉ. श्रीराम लागू तर उघड निरीश्वरवादी. धावत्या आगगाडीवर भिरकावलेल्या दगडाने त्यांचा तरुण पुत्र तन्वीर हिरावून नेला. २००४ पासून त्याच्या नावाने रंगकर्मींचा सन्मान होऊ लागला. दोन्हीकडे मृत्यूचा उलगडा झाला नाही; प्रीतीला मात्र नवे काम सापडले. श्रद्धेवाचून माणूस दुःखात कोसळतोच, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

मग श्रद्धा अधिक काय देते? गेलेले माणूस केवळ आठवणीत नाही, देवाच्या हाती आहे आणि पुन्हा भेटणार आहे, ही आशा. ती बाळगणाऱ्याने शोकगृही उत्तरे घेऊन जाऊ नये, जवळ बसावे. आणि महिन्याभराने पुन्हा जावे. तेव्हा पाहुणे पांगलेले असतात.