पाय धुण्याचे पाणी

भाऊबीजेला मी आत्याकडे जातो. खरे म्हणजे भाऊबीज ही बहीणभावांची. परंतु वडील गेल्यापासून त्यांचा पाट रिकामा राहू नये म्हणून आत्या मला ओवाळते, आणि साठी उलटलेला मीही लहान मुलासारखा त्या पाटावर बसतो. तिचे गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठी. जुन्नरहून निघालो की दुपारच्या आत पोहोचतो. तिच्या घराचा एक नियम माझ्या जन्मापूर्वीपासून चालत आला आहे. उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली आणि तांब्या ठेवलेला असतो. पायांवर पाणी घेतल्यावाचून कोणी आत यायचे नाही. पाहुणा वडीलधारा असेल तर ते पाणी ती स्वतः घालते. गावातून भजनी मंडळी पंढरपुराला निघाली की आत्या परात घेऊन रस्त्यावर उभी राहते आणि मिळतील तेवढ्या वारकऱ्यांचे पाय धुते. तिच्या लेखी मनुष्याचे पाय धुणे म्हणजे त्याच्यापुढे संपूर्ण नमणे होय.

अशा या माझ्या आत्याचे पाय तीन वर्षांपूर्वी मंचरच्या एका मंगल कार्यालयात कोणा परक्या मुलांनी धुतले, आणि त्यातून जे काही घडले त्याचा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

कार्यालयावर फलक होता, ‘मोफत आरोग्य तपासणी शिबिर’. शेजारच्या बायका निघाल्या, त्यांच्याबरोबर आत्याही गेली. तिथे टाय लावलेल्या दोन मुलांनी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवले. ‘आजी, गुडघे फार दुखतात का हो?’ असे विचारले आणि तिची सगळी हकीकत मान डोलावीत ऐकून घेतली. मग तिचे पाय मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या टबात ठेवले. टबात एक तारेचे यंत्र सोडले. अर्ध्या तासात ते स्वच्छ पाणी तांबूस, मग तपकिरी, मग गढूळ झाले. ‘बघा आजी, हे सगळे विष तुमच्या अंगात होते,’ मुले म्हणाली. आत्या घाबरली. आपल्या ब्याऐंशी वर्षांची सारी घाण चारचौघांत उघडी पडली, असे तिला वाटले. त्यानंतर चुंबकाची गादी आणि चूर्णाचे सहा डबे, मिळून अठरा हजार रुपये, यांना ‘नको’ म्हणायला तिच्यापाशी तोंड उरले नाही. काशीयात्रेसाठी साठवलेले पैसे तिने दुसऱ्या दिवशी त्या मुलांच्या हाती ठेवले.

हे कळल्यावर मी तिथे गेलो आणि तिला बोललो. तीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले आहे. बोलण्याची सवय आहे. ‘आत्या, तुला एवढंही कळत नाही? कोणीही यावं आणि तुला फसवून जावं!’ ती मान खाली घालून वाती वळीत राहिली. माझे बोलून झाल्यावर तिने चहा टाकला. परंतु तिने मला एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती ऐकण्याजोगे माझे तोंडच नव्हते. चूर्ण सुरू केले की साखरेच्या गोळ्यांची गरज नाही, असे त्या मुलांनी तिला सांगितले होते, आणि तिने गोळ्या बंद केल्या होत्या. दोन महिन्यांनी बांधावर तिच्या पायात काटा मोडला. जखम चिघळली. पुण्याला न्यावे लागले. पाय वाचला, उजव्या पायाचे एक बोट गेले.

आता येथे वाचक म्हणेल की अशिक्षित म्हातारीला फसवणे सोपे असते. शिकल्यासवरल्या माणसाची गोष्ट वेगळी. माझीही तीच समजूत होती. ती गेल्या वर्षी समुद्रात बुडाली.

मुलीने हौसेने मला आणि सौभाग्यवतींना मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या एका प्रवासी जहाजावर पाठवले. जहाज कसले, पाण्यावर तरंगणारे शहरच ते! दुसऱ्या दिवशी ‘स्पा’ नावाच्या दालनात ‘पायांची मोफत तपासणी’ असल्याची चिठ्ठी खोलीत आली. सौभाग्यवती झोपल्या होत्या. मी सहज गेलो. मंद दिवे, सुगंध, कुठूनसे पाझरणारे संगीत. एका हसऱ्या मुलीने माझे जोडे काढून घेतले, जमिनीवर गुडघे टेकून माझे पाय हातात घेतले, चोळले, आणि ‘अंकलजी, आप के पैर बहुत थके हुए हैं’ असे म्हणून ते एका टबात ठेवले. टब पाहताच मी ओळखला. पाणी तांबूस होऊ लागले.

वाचकहो, त्या पाण्याला काय होत होते हे मला पक्के ठाऊक होते. दहावीच्या मुलांना विद्युत अपघटन मी कितीदा तरी शिकवले आहे. मिठाच्या पाण्यातून वीज वाहू लागली की लोखंडी धनाग्र झिजतो, लोखंड पाण्यात उतरते आणि त्याचा गंज होतो. पाय टबात असोत वा नसोत, पाणी तपकिरी व्हायचेच. २०१२ साली कॅनडातील संशोधकांनी अशा यंत्राची पद्धतशीर परीक्षा केली, तेव्हा पायांवाटे विषारी द्रव्ये बाहेर पडत असल्याचा काहीही पुरावा त्यांना मिळाला नाही. शरीरातील टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट लावण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. तळपायांना निसर्गाने ते दिलेले नाही. हे सारे माझ्या डोक्यात त्या क्षणी हजर होते. आणि तरीही, त्या मुलीने माझे पाय मऊ टॉवेलाने पुसून, समोर कागद ठेवून, समुद्रशेवाळाच्या लेपाच्या आणि तेलाच्या बाटल्या एकामागून एक मांडल्या, तेव्हा मी चौदा हजार रुपयांच्या कागदावर सही केली.

का केली? खोलीत परत येताना जिन्यात थांबून मी स्वतःला हाच प्रश्न विचारला. मी फसलो नव्हतो. एक अक्षरही मी खरे मानले नव्हते. मला नुसते ‘नाही’ म्हणता आले नाही. एका अनोळखी मुलीने माझे पाय धुतले होते. मी अनवाणी होतो, माझे जोडे तिच्या बाजूला होते, आणि तिच्या सेवेची काही परतफेड केल्यावाचून उठणे मला असभ्यपणाचे वाटले. ज्याला आपण भीड म्हणतो ती ही. आत्याला अडवले ते तिच्या अज्ञानाने, असे मी समजत होतो. परंतु माझे ज्ञान शाबूत असून मीही त्याच जागी अडलो. म्हणजे दोरी अज्ञानाची नव्हतीच. ती आमच्या दोघांच्या संस्कारांची होती, आणि कोणीतरी ती हेरून तिचा फास केला होता.

मुलीला दोष द्यावा, तर तोही सरळ देता येत नाही. शेवटच्या रात्री ती मला जिन्यात भेटली. रोज ठरावीक रकमेची विक्री झाली नाही तर रात्री जाब द्यावा लागतो, असे ती सहज बोलून गेली. मोठ्या प्रवासी जहाजांवरचे हे दालन बहुधा जहाज कंपनीचे नसतेच. ते कंत्राटदाराचे असते आणि तिथल्या नोकरांची कमाई विक्रीच्या दलालीवर अवलंबून असते. मंचरची ती टायवाली मुलेही अशीच कोणाच्या तरी आकड्याला बांधलेली असणार. म्हणून त्यांचे पाप नाहीसे होते असे नव्हे. आत्याच्या गोळ्या बंद करणारे वाक्य कोणा एका तोंडातूनच बाहेर पडले होते. परंतु जो वरच्या मजल्यावर बसून फक्त आकडे मागतो आणि स्वतः एकही खोटे वाक्य बोलत नाही, त्याचे हात मला अधिक काळे वाटतात.

माझ्या लहानपणी नारायणगावच्या जत्रेत एक औषधवाला येत असे. समोर साप-मुंगसाच्या टोपल्या ठेवून ‘आता लढाई लावतो’ असे तो सांजपर्यंत सांगे आणि मधल्या वेळात सर्व रोगांवरची पुडी आठ आण्यांना विके. लढाई कधीच लागली नाही. तोही खोटारडाच, पण त्याच्या खोटेपणात एक प्रकारचा मोकळेपणा होता. तो भर मैदानात ओरडे, आम्ही रिंगण करून उभे असू, आणि ज्याला जायचे तो केव्हाही निघून जाई. निघून जाणाऱ्याला आपण कोणाचा अपमान केला असे वाटत नसे. नव्या विक्रेत्याने ते रिंगण मोडले. तो तुम्हाला एकटे गाठतो, नाते लावतो, जोडे काढायला लावतो आणि मग बोलतो.

कायदा आहे, आणि चांगला आहे. रोग बरे करण्याच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आणि जादूच्या उपायांना आळा घालण्यासाठी १९५४ साली केंद्राने तो केला. मधुमेह त्याच्या यादीत आहे; पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जाहिरातीची व्याख्या तर इतकी बारकाईने केली आहे की तोंडी घोषणाच काय, धुराने केलेली घोषणाही तिच्यातून सुटत नाही. त्या कायद्याविरुद्ध औषधवाले सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा अशा व्यापारी जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे कवच मिळणार नाही, असे न्यायालयाने १९५९ साली सांगितले. पण आत्याच्या डब्यांवर छापले होते फक्त ‘आरोग्यवर्धक’. साखर जाईल हे कोणी तिच्या कानाशी बोलले, त्याला साक्षीदार कोण? कायदा फलक वाचू शकतो. कानाशी बोललेले त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

एका स्नेह्यांनी मला विचारले, ‘अहो, तिला जरा बरे वाटले असेल तर तुमचे काय गेले? समाधान विकत मिळत असेल तर म्हातारीने घेऊ नये का?’ प्रश्न वरवर दिसतो तेवढा उथळ नाही. समाधानाला किंमत आहे हे मी मान्य करतो. पण समाधान विकणाऱ्याने ते समाधान म्हणून विकावे. कोणी तिचे पाय चेपून पन्नास रुपये मागितले असते, तर तो सौदा चोख झाला असता. इथे चेपणे फुकट होते आणि किंमत लावली होती ती भीतीला. आधी तिच्याच पायांखालचे पाणी दाखवून तिला घाबरवले, आणि मग त्या भीतीवरचा उतारा विकला. हाच का तो समाधानाचा व्यापार?

आमच्या जुन्नरच्या डोंगरांत पुष्कळ लेणी आहेत. तिथल्या एका प्राचीन शिलालेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. तेही व्यापारीच, नफ्यासाठी भांडणारे, मापाला चिकटणारे. पण त्या टाक्याचे पाणी पिणाऱ्याला ‘आता आमचेच धान्य घे’ असे कोणी म्हटल्याचे तिथे लिहिलेले नाही. बाजार तो बाजार आणि दान ते दान, एवढा विवेक त्या दगडात दिसतो. ‘मोफत’ हा शब्द त्या दानाचा वंशज आहे. तो आमिषाला लावला की खऱ्या दानावरचाही विश्वास उडतो. उद्या सरकारी दवाखान्याचे खरे शिबिर गावात आले तर आत्या जाईल का? ती गेली नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, ‘पुन्हा पाय काळे निघायचे.’

इतके सगळे झाल्यावर, गेल्या भाऊबीजेला मी जे करायचे ते केले. खरे म्हणजे फार आधी करायला हवे होते. पोर्चमध्ये एक परात घेतली, पाणी आणि मीठ घातले, दोन लोखंडी खिळ्यांना तारा जोडून ट्रॅक्टरची जुनी बॅटरी लावली. आत्याला पाटावर बसवले. परातीत कोणाचेही पाय नव्हते. हळूहळू पाणी हिरवट, मग तपकिरी झाले. आत्या पुढे वाकून पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मला दिसला. दोन वर्षे ती म्हातारी स्वतःला आतून घाणेरडी समजत होती! मग तिने माझ्याकडे पाहिले.

‘हे तुला तेव्हाच येत होतं?’

‘हो.’

‘मग तेव्हा ओरडलास कशाला? हेच दाखवायचं होतंस.’

तिने ते रागाने म्हटले नाही. पण तीस वर्षांच्या नोकरीत कोणा अधिकाऱ्याने माझा इतका अचूक शेरा लिहिला नव्हता. त्या मुलांनी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. मी तिच्या अकलेची केली. ते खोटे होते आणि मी खरा होतो, पण अर्धा तास तिच्यापाशी बसले ते. तिचे ऐकून घेण्याची जागा मी रिकामी ठेवली, आणि रिकाम्या जागेत ते येऊन बसले. खोट्या उपचारांचा धंदा चालतो तो लोकांच्या मूर्खपणावर, असे म्हणणे आपल्याला सोयीचे असते. तो पुष्कळसा चालतो आपण शहाण्यांनी न दिलेल्या वेळेवर.

आता दर गुरुवारी मी तिला फोन करतो आणि आधी गुडघ्यांबद्दल विचारतो. ती सांगते, तेच तेच सांगते. मी घड्याळाकडे पाहत नाही, निदान पाहू नये असे ठरवले आहे. गोळ्यांची चौकशी मग शेवटी होते, आणि ती खरे उत्तर देते.

जहाजावरच्या बाटल्या अजून माझ्या कपाटात आहेत. सौभाग्यवती टाकून द्या म्हणतात. मी टाकीत नाही. कोणाच्या अकलेवर तोंड टाकण्याची इच्छा झाली की कपाट उघडतो. यंदाही भाऊबीजेला जायचे आहे. उंबऱ्याशी बादली असेल. आत्याला आता वाकवत नाही. तेव्हा पाणी मी घालणार आहे, आधी तिच्या पायांवर.