लक्षण कोणते, सोंग कोणते?

भाविकहो, शास्त्रात 'लक्षण' कशास म्हणतात? ज्या असाधारण धर्मामुळे एक वस्तू दुसरीहून निराळी ओळखू येते, ते तिचे लक्षण. 'शिंगे असलेली ती गाय' म्हटले, तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. 'कपिल रंगाची ती गाय' म्हटले, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. पाठशाळेत आम्ही हे घोकून घोकून पाठ केले. पण कळले मात्र यावलच्या शिवारात.

महाशिवरात्रीच्या यात्रेस आम्ही मंडळी यावलहून मुक्ताईनगरास, आईसाहेबांच्या दर्शनाला पायी निघालो होतो. विसाव्याच्या जागी पडीत रानात वाळलेली झाडे उभी होती. फूल नाही, हिरवे पान नाही, नुसती काटेरी बोंडे. एका माउलीने बोंड हातावर झटकले, तो मोहरीसारखे काळसर दाणे पडले. "महाराज, ही रानमोहरी का हो?" आम्ही पाहिले न पाहिले आणि म्हणालो, "मोहरीच ती." झाले! महाराजांचा शब्द! चौघीजणींनी दाणे पदरात बांधले. संध्याकाळच्या आमटीला फोडणी होणार.

शेजारच्या केळीच्या बागेतली एक मजूरबाई हे पाहत होती. ती पुढे येऊन म्हणाली, "बाबा, मोहरीला बोंड असतं का कधी?"

आम्ही निरुत्तर! मोहरीला लांबट शेंग येते, ती दोन बाजूंनी उकलते आणि मध्ये पातळ पडदा राहतो. हे बोंड तर टोकाशी पाकळ्यांसारखे उकलले होते. मोहरीचा दाणा गुळगुळीत. हा निरखून पाहिला, तर अंगावर जाळीसारख्या रेघा. मग बाईने आम्हांस पाटाच्या कडेला नेले. तिथे त्याच जातीचे एक हिरवे झाड होते. तिने देठ मोडला, तो पिवळा चीक आला. "ढोरंसुद्धा याला तोंड लावत नाहीत," ती म्हणाली.

तो पिवळा धोतरा होता. नाव धोतऱ्याचे, कुळ अफूचे, मूळ गाव मेक्सिको. १९९८ साली दिल्लीत याच बियांच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलात झाली. पाय सुजले, धाप लागली, हृदये थकली; हजारो आजारी पडले आणि साठांहून अधिक माणसे गेली. खाणाऱ्यांचा दोष काय? दाणा मोहरीसारखा दिसला, एवढेच.

पदरांच्या गाठी सुटल्या, दाणे चुलीत गेले. रात्री कीर्तनात आम्ही ही चूक सर्वांसमोर सांगितली आणि त्या बाईला पुढे बसवून नमस्कार केला.

आता सिद्धान्त पाहा. गळ्यातली माळ आणि कपाळीचा बुक्का ही आपली भूषणे खरी. पण लक्षण म्हणून तेवढीच धरली, तर अतिव्याप्ती होते. सोंगाड्याही तीच लेतो. साधू ओळखावा तो त्याच्या संगतीने काय उगवते त्यावरून. घरात कलह उगवला की शांती? आणि हे माप दुसऱ्यास लावण्याआधी आम्हांसच लागले. त्या दिवशी वेष महाराजांचा होता, आणि हाती दिले ते विष. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईने चार जीव राखले. मग आमच्यात साधू कोण होता?

म्हणून भाविकहो, विनंती एवढीच. न पाहता 'हो' म्हणू नका, आणि आमच्यासारखा कोणी म्हणाला तर दाणा त्याच्यापुढे धरून पुन्हा विचारा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!