हिमयुगाचा आधार

मे महिन्यात अकोल्याच्या माणसाने नीतीचा विचार करू नये. पारा 45 वर गेला की सद्सद्विवेकबुद्धीही ओला पंचा गुंडाळून कूलरपुढे पडून राहते. पण आमचे साडभाऊ अमरावतीहून आले ते नेमके याच दिवसांत. साडभाऊ म्हणजे निवृत्त भूगोल मास्तर. अंगणात पाय ठेवताच म्हणाले, "निंब कुठी गेला बाप्पा?"

निंब मी तोडला होता. मोटार ठेवायला जागा हवी होती. (मोटार जुनी आहे, पण तिला ऊन सोसत नाही.) पकडला गेलेला माणूस हाताशी येईल ते उचलतो. मी हिमयुग उचललं.

"एका झाडानं काय होते, साडभाऊ? पृथ्वी कधी तापते, कधी गोठते. चंद्रपूरजवळ इरईले बर्फ होता, हे तुम्हीच सांगितलं ना?"

सांगितलं होतं खरं. एकोणिसाव्या शतकात भूगर्भ खात्याच्या फेडन नावाच्या साहेबाला तिथे चुनखडीच्या खडकावर ओरखडे सापडले. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या धोंडे घासत सरकल्या, त्याच्या या खुणा. आणि कुठे, तर चंद्रपुरात! तेव्हा आपला भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता, हे कलम मी सोयीने गाळलं.

"अन् जळगावकडं पाटण्याले शहामृगाच्या अंड्याची कवचं निंघाली. हजारो वर्षं आपल्याकडं शहामृग फिरले. त्यायचं काय बिघडलं?"

"आता दिसतात काय तुमाले?" साडभाऊ म्हणाले.

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता.

मग पन्हं पिता पिता मास्तर जागा झाला. पृथ्वीचा आस कमीजास्त कलतो, त्याच्या एका फेरीला सुमारे 41,000 वर्षं लागतात. शेवटचं हिमयुग 20,000 वर्षांपूर्वी ऐन भरात होतं, तेव्हा जगाचं सरासरी तापमान आजच्यापेक्षा पाच-सहा अंशांनीच कमी होतं. तरी समुद्र 120 मीटर खाली गेला होता. त्यातून बाहेर यायला हजारो वर्षं लागली. आपण दीडशे वर्षांत एक अंशाच्या वर चढवलं.

"पण बदल तर होतच आला ना?" मी कूलरच्या आवाजात म्हटलं.

"पूर्णेले पूर मागंही येत होते. म्हणून म्या राती धुरा फोडून तुमच्या वावरात पाणी सोडलं, अन् सकाळी म्हटलं का पूर तं येतच रायते, चालन काय?"

चालणार नव्हतं. धुऱ्यापायी आमच्या दोन पिढ्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात. पुरावर दावा लावता येत नाही, धुरा फोडणाऱ्यावर येतो, एवढा कायदा मलाही कळतो. मी मनात हिशेब मांडला : जगाचा धूर केवढा, त्यात माझा वाटा केवढासा! पण लहान हिस्सा आला म्हणून वाटेकऱ्यांच्या यादीतून नाव गळाल्याचं आमच्या घराण्यात तरी घडलेलं नाही. उलट गुंठाभरवाले जास्त भांडलेत.

तेवढ्यात वीज गेली. साडभाऊ बैठकीतल्या नव्या दिवाणावर आडवे झाले, फळीवर हात फिरवला, आणि डोळे मिटून म्हणाले, "लाकूड थंड आहे बुवा. कायचं आहे?"

मी पाणी आणायला आत गेलो.