शंका कुठवर घ्यायची?

“पण साफ आहे हे सांगतंय कोण? तोच लॅपटॉप ना?” सासूबाईंनी मेथी निवडता निवडता विचारलं, आणि मला चटकन उत्तर सुचेना.

आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ब्योब्लिंगेनला आल्यात. मालिका बघता बघता पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला आणि एक जर्मन बाई बजावू लागली की व्हायरस शिरलाय, खालच्या नंबरवर ताबडतोब फोन करा. असला फोन करायचा नसतो. खरा सापळा तोच. बहुतेकदा ते नुसतं भीती घालणारं पान असतं. पण त्याआधी एखादी फाइल उतरवली गेली का, हे आईंना आठवेना. मी वाय-फाय तोडलं, ब्राउझर बंद पाडला, अँटिव्हायरस फिरवला. काही सापडलं नाही, असं त्यानं कळवलं. त्यावर आईंचा हा प्रश्न.

पुण्यात एम.ए.ला न्यायदर्शन शिकले, त्याचा जर्मनीत कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळातच प्रमाण असतं. खोटं ठरेपर्यंत ते खरं धरावं. नैयायिकांना हे मान्य नाही. ज्ञानाचा खरेपणा बाहेरून ठरतो: पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली, तर ते पाणी. आई जन्मजात नैयायिक. भाजीवाल्याच्या शब्दावर त्यांनी आजवर एक वांगं घेतलेलं नाही.

बाहेरून तपासायची सोयही आहे. हानोफरहून निघणाऱ्या ‘त्से-टे’ या संगणक-मासिकाचं ‘डेसइन्फेक्ट’ हे लिनक्सवरचं तपासणीचं साधन पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा. विंडोज झोपलेलंच राहतं, लिनक्स त्याची झडती घेतं. पण पेनड्राइव्ह बनवला नवऱ्याच्या लॅपटॉपवर. त्याची हमी कोणाची? हमीला पुन्हा हमी लागतच राहते, याला नैयायिक अनवस्था म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसननं ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हेच मांडलं, ते 1984 साली छापलं गेलं: चोरवाट कंपायलरमध्येच असेल तर प्रोग्रामचा मूळ कोड ओळ न् ओळ वाचूनही ती दिसणार नाही. प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्राम लिहिताच येत नाही, हे फ्रेड कोहेननं त्याच दशकात सिद्ध केलं.

मग आप्तवाक्य? विश्वासू माणसाचा शब्दही न्यायात प्रमाण आहे. डिसेंबर 1987 मध्ये क्लाउस्थालच्या विद्यापीठातून एक प्रोग्राम निघाला. चालवला की पडद्यावर नाताळचं झाड काढायचा आणि तुमच्या यादीतल्या सगळ्यांना स्वतःची प्रत धाडायचा. पाठवणारा ओळखीचा, म्हणून लोक बिनदिक्कत चालवायचे. ज्या आयबीएमची प्रयोगशाळा 1953 मध्ये आमच्या गावात सुरू झाली, त्या कंपनीचं अंतर्गत जाळं त्या झाडानं तुंबवलं. आप्त खोटं बोलला नव्हता. त्याच्या नावानं दुसरंच कोणी बोललं होतं. आपल्या शास्त्रकारांनी या शक्यतेचा पुरेसा विचार केला होता, असं मला वाटत नाही.

मला आधार वाटतो तो उदयनाचार्यांचा. हजारेक वर्षांपूर्वी न्यायकुसुमांजलीत ते म्हणतात, शंका घ्या, पण तुमचं वागणंच तिला खोडून काढत नाही तोवरच. धुराला विस्तव लागतो की नाही अशी शंका घेणारा, धूर हवा झाला की विस्तवच पेटवतो. मी ही कसोटी उलटी लावून पाहिली: या लॅपटॉपवर आत्ता बँकेचा पासवर्ड टाकशील का? बोटं पुढे होईनात. म्हणजे शंका खरी होती, स्क्रीन काहीही म्हणो. फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर काढले, विंडोज पुसून नव्यानं घातलं, पासवर्ड फोनवरून बदलले.

“मालिकेला चालेल आता,” आई म्हणाल्या, “माझ्या पेन्शनचं मात्र यावर नको गं बघूस.” उदयनाचार्यांना हा निवाडा पटला असता. त्यांचं खंडन करणाऱ्या श्रीहर्षानं लगेच विचारलं असतं, मग त्या फोनवर तरी भरवसा कशाच्या जोरावर?

फोन आईंच्या हातात होता. त्या पेन्शन जमा झाली का ते बघत होत्या.