बशीरबागेपर्यंतची थंडी

वर्षातला सगळ्यात लहान दिवस डिसेंबरच्या 21-22 तारखेला येतो, हे आपण शाळेत शिकलो. पण रोज सकाळी सायकल बाहेर काढणाऱ्याला आणखी एक गोष्ट कळते. हैदराबादला सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, पावणेसात वाजून गेल्यावर. संक्रांतीला दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात, ते खरंच आहे. फक्त ती वाढ तेव्हा संध्याकाळच्या पदरात पडते. सकाळ उलट थोडी आणखी उशिरा उजाडते. त्यामुळे तिळगूळ खाऊन झाला तरी जामबागेतून साडेसहाला निघणाऱ्याला मागचा लाल दिवा लावावाच लागतो आणि अंथरुणातून उठताना मन रोज तेच विचारतं, “आज बसनं गेलं तर काय बिघडलं?”

खरं तर हैदराबादची थंडी ती केवढी! जानेवारीत पहाटेचा पारा साधारण पंधराच्या आसपास असतो, कधी त्याच्या बराच खालीही उतरतो. निफाडचा माणूस ऐकून हसेल. पण आपण बारा महिन्यांतले निम्मे उन्हात भाजून निघणारी माणसं. आपल्याला एवढीही पुरते. विवेकवर्धिनीच्या रस्त्यानं पोरं कानटोप्या घालून शाळेला निघतात आणि चहाच्या ठेल्याशी माणसं कपाला दोन्ही हात लावून उभी असतात. त्यात सायकल स्वतःचं वारं स्वतःच तयार करते. हवा अगदी स्थिर असली तरी ताशी वीसच्या वेगानं जाणाऱ्याच्या तोंडावर तेवढंच वारं येतं. बोटं आखडतात, डोळ्यांतून पाणी येतं. ट्रूप बाजार जातो, आबिड्स जातं, तरी वाटतं की आपण उगाच निघालो. आणि मग बशीरबागेच्या अलीकडे कुठेतरी थंडी निघून जाते. नेमकी कुठे, ते सांगता येत नाही. लिबर्टीला पोचेपर्यंत विंडचीटरची चेन खाली ओढावीशी वाटते. टँकबंदवरचं उघड्यावरचं वारं मग चक्क बरं वाटतं. यात चमत्कार काही नाही. पाय जेवढी मेहनत करतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांना मिळतो. बाकीच्याची शरीरात उष्णता होते. उन्हाळ्यात जी आपल्याला घामानं भिजवते, तीच ही उष्णता. फक्त ती तयार व्हायला दहाएक मिनिटं लागतात आणि तक्रार सगळी त्या दहा मिनिटांतली असते. म्हणून जुने सायकलवाले घरातून निघताना थोडं कुडकुडतच निघतात. दारातच ऊबदार वाटावं एवढे कपडे घातले, तर अर्ध्या वाटेत घाम येतो आणि ओल्या सदऱ्यावर वारं लागलं की खरी थंडी वाजते. पूर्ण बाह्यांचा सदरा, वर पातळ विंडचीटर, हातमोजे आणि हेल्मेटखाली कान झाकणारा रुमाल, एवढं पुरतं. युरोपातले शर्यतीचे सायकलपटू घाट उतरण्याआधी छातीशी वर्तमानपत्र कोंबायचे, म्हणे वारं आत शिरत नाही. आपल्याकडे रद्दीचा भाव बरा आहे, पण एखाद्या दिवशी करून बघायला हरकत नाही.

बाकीची तयारी रात्रीची. कपडे खुर्चीवर, डबा कशात न्यायचा ते ठरलेलं, दिवे चार्जिंगला. सकाळी काम एकच ठेवायचं, हवा बघण्याचं. रोडबाईकची बारीक चाकं 80-90 पौंडांवर चालतात आणि त्यांची हवा तशीही रोज थोडीथोडी निघून जाते. त्यात तापमान दहा अंशांनी उतरलं की तीन-चार पौंड आणखी कमी भरतात. चाक मऊ असलं की सायकल जड जाते, खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते, आणि आपण म्हणतो की थंडीत जोरच लागत नाही. उभ्या पंपाचे चार दट्टे मारायला एक मिनिट पुरतं आणि ते मारताना हातही गरम होतात. दमा किंवा जुना खोकला असेल त्यांनी मात्र ऊन वर येऊ द्यावं. थंडीच्या सकाळी गाड्यांचा धूर जमिनीलगतच साचून राहतो आणि तिथे हट्ट कामाचा नाही. आणि हो, 1 जानेवारीपासून नामपल्लीला नुमाईशचं प्रदर्शन भरलेलं असतं आणि गर्दी होते. संध्याकाळी परतताना मोझमजाही मार्केटचा चौक टाळलेला बरा.

या सगळ्यात मला आवडते ती पहिल्या दहा मिनिटांची गंमत. त्या वेळात मनाला मत विचारलं, तर ते नेहमी “परत फीर” असंच सांगतं, कारण त्याला तेवढ्यापुरतीच माहिती असते. बशीरबागेनंतर त्याच मनाला विचारा, उत्तर बदललेलं असतं. रस्ता तोच, थंडी तीच, माणूसही तोच. सायकल न चालवणाऱ्यालाही हे रोज भेटतं. बरेच दिवस राहिलेला हिशेब उघडताना, तंबोरा जुळवून पहिला सूर लावताना, अबोला धरलेल्या भावाला फोन करताना सुरुवातीची काही मिनिटं अशीच बोचरी असतात. आपण बहुतेकदा तिथेच निकाल देऊन मोकळे होतो की आज जमणार नाही. आज तो निकाल थोडा पुढे ढकलून बघा. मनाचं म्हणणं ऐकायचं नाही असं नाही, नुसतं थोड्या उशिरानं ऐकायचं. हाती घेतलेल्या कामाला दहा मिनिटं द्या. त्यानंतरही नकोच वाटलं, तर खुशाल मागे फिरा. बशीरबागेहून जामबागेला परत यायलाही दहाच मिनिटं लागतात.